अमेरिकेला किती मुक्काम?

भूगोल हा विषय मी चौतीस वर्षं शिकवला. शिकवला म्हणजे मी बोलत होतो आणि पोरं वर्गात होती. यापलीकडे त्या शब्दाला अर्थ चिकटवण्याचं कारण नाही. या चौतीस वर्षांत जगातल्या यच्चयावत नद्या, वाळवंटं, वारे आणि बंदरं मी पोरांकडून घोकून घेतली. स्वतः मात्र पूर्वेला भुसावळ, पश्चिमेला मुंबई, दक्षिणेला पंढरपूर आणि उत्तरेला तापीपलीकडचं मामाचं गाव, या चतुःसीमेबाहेर कधी पाऊल टाकलं नाही. पोहता न येणाऱ्याने काठावर बसून दुसऱ्यांना हातपाय मारायला शिकवावं, त्यातलाच प्रकार. तरीही 'भूगोलाचे सर' म्हणून जामनेरात माझा थोडाफार दबदबा होता. तो आमच्या आईने एका प्रश्नात उतरवला.

२००४ साली आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेला, न्यू जर्सी नावाच्या मुलखात गेले. त्यांना निरोप द्यायला निम्मी गल्ली स्टेशनवर आली होती. म्हणजे आमच्या जामनेरच्या स्टेशनवर. तिथून अमेरिकेला जायचं म्हणजे आधी पीजेत बसायचं. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर ही आमची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. चिरंजीव डब्याच्या दारात उभे, हातात चकलीचा डबा, आणि डोळे पुसणाऱ्या बायकांकडे गार्ड अशा समजूतदारपणे बघतोय, की या पोराला तो थेट न्यूयॉर्कपर्यंत सोडायला निघालाय. गाडी हलली. घरी आलो. आईने पाय धुतले, देवापुढे साखर ठेवली आणि मला विचारलं,

"काय रे, ही अमेरिका किती लांब?"

प्रश्न माझ्या विषयातला होता. मी ऐटीत सांगितलं, "मुंबई विमानतळापासून न्यूयॉर्कचा विमानतळ साडेबारा हजार किलोमीटर."

भाजीवाल्याने वांग्याचा भाव सांगितल्यावर आई ज्या नजरेने त्याच्याकडे पाहते, त्याच नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "ते राहू दे," ती म्हणाली, "किती मुक्काम?"

आता तुम्ही म्हणाल, हे काय मोजमाप झालं? पण आईचं सगळं आयुष्य याच मापात गेलेलं. १९४४ साली तापीपल्याडच्या माहेराहून ती लग्न होऊन जामनेरला आली, ती दमणीतून. दमणी म्हणजे वर कापडी छप्पर ताणलेली बैलगाडी. तिच्या लेखी माहेर 'एक मुक्काम' लांब होतं. म्हणजे एक रात्र वाटेत, अनोळखी ओसरीवर, बैलांच्या घुंगरांच्या सोबतीने काढायची. पंढरपूर पायी चालत बऱ्याच मुक्कामांवर होतं आणि काशी तर इतक्या मुक्कामांवर, की जाणारा माणूस घरच्यांचा कायमचाच निरोप घेऊन निघायचा. मुक्कामाच्या मापात नुसतं अंतर येत नाही. वाटेतली नदी येते, चोर येतात, पावसाळा येतो आणि परत येण्याची शक्यताही येते. किलोमीटरमध्ये यांतलं काही येत नाही.

मी म्हटलं, "मुक्काम एकच. विमानात."

"मग चोपड्याच्या पलीकडेच की," आई म्हणाली आणि माळ घेऊन बसली. मी मात्र अस्वस्थ झालो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून पृथ्वीचा गोल मागून आणला. निवृत्त झालो तरी तेवढी ओळख शिल्लक होती. आईला समोर बसवलं, तिच्याच शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक मुंबईवर दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. भिंतीवरच्या सपाट नकाशात पाहिलं तर वाटतं, मुंबईहून निघून अरबस्तान, आफ्रिकेचं डोकं, अटलांटिक असं नाकासमोर पश्चिमेला गेलं की अमेरिका. पण गोलावरचा ताणलेला दोरा तिकडे जातच नाही. तो मुंबईहून उत्तरेला चढतो, रशियावरून जातो, नॉर्वे-स्वीडनच्या बाजूने उत्तर ध्रुवाच्या अंगणापर्यंत पोचतो आणि मग कॅनडावरून खाली उतरतो. हाच सर्वांत जवळचा रस्ता. चेंडूवरची सरळ रेषा सपाट कागदावर आणली की वाकडी दिसते आणि कागदावरची सरळ रेषा चेंडूवर लांबची पडते. माणसांच्या बाबतीतही असंच असतं, हे मला चौतीस वर्षं शिकवून कळलं नव्हतं ते त्या दिवशी कळलं. पण तो विषय वेगळा.

"पण विमान काही दोऱ्यावरून जात नाही," मी पुढे सांगितलं. "वारा बघावा लागतो, खालच्या देशांची परवानगी लागते." पुढे २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते जुलैपर्यंत. तेव्हा इकडची विमानं वळसे घालून जाऊ लागली. ते ऐकून आई म्हणाली, "बांधावरून भांडण झालं की आपणही लांबून जातो शेतात." आंतरराष्ट्रीय हवाई राजकारणाचा याहून सोपा धडा मी कोणत्याही क्रमिक पुस्तकात वाचलेला नाही.

त्या गोलावर मला आणखी एक गंमत सापडली. जामनेर पूर्व रेखांशाच्या जवळजवळ शहात्तराव्या अंशावर आणि चिरंजीवांचं बिऱ्हाड पश्चिमेच्या चौऱ्याहत्तराव्या अंशावर. म्हणजे लंडनजवळच्या ग्रिनिचला मधोमध उभं केलं, तर आजी आणि नातू जवळजवळ सारख्याच अंतरावर, एक उजव्या हाताला, एक डाव्या. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशांवरची धरली. त्या हिशेबाने आमच्या जामनेरचा सूर्य घड्याळापेक्षा सत्तावीस मिनिटं मागे आहे. मुंबईचा तर एकोणचाळीस मिनिटं. मुंबईकरांना ते इतकं झोंबलं, की त्यांनी आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालवली. आम्ही जामनेरकरांनी तसला काही अट्टहास केला नाही. आमचा सूर्य पीजेने येतो, एवढं आम्ही समजून घेतलं.

शेजारचे अण्णा हे पीजेचे जुने भक्त. त्यांना हा सगळा गोलाचा कारभार पसंत नव्हता. "भो सर, तुम्ही आमच्या गाडीला कमी लेखता," असं म्हणत त्यांनी एक दिवस हिशेबाचा कागद आणला. पाचोरा ते जामनेर छप्पन्न किलोमीटर, वेळ अडीच तास धरा. म्हणजे ताशी बावीस किलोमीटर आणि वर थोडं. याच चालीने पीजे साडेबारा हजार किलोमीटर न थांबता गेली तर तेवीस दिवसांत न्यूयॉर्क. "आता सांगा," अण्णा म्हणाले, "त्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, त्यांना किती दिवस लागले?"

मी पुस्तक काढून बघितलं. कल्याणच्या आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. बोटीचा मार्ग लांबचा हे खरं. पण दिवस लागले अठ्ठावन्न. आणि हे १८६९ साली सुएझचा कालवा खुला होऊन आफ्रिकेचा वळसा वाचल्यानंतरचं. त्याआधी कोणी युरोपकडे निघालं तर त्याने काशीयात्रेसारखाच निरोप घ्यावा.

"म्हणजे आमची पीजे निम्म्याहून कमी दिवसांत!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. मध्ये अटलांटिक महासागर आहे ही किरकोळ अडचण त्यांनी विचारात घेतली नव्हती. मीही काढली नाही. भक्ताच्या देवाला पोहता येतं की नाही, हे विचारू नये.

पण आनंदीबाईंचा विषय निघाला तो आईने धरून ठेवला. एकोणीसाव्या वर्षात असलेली पोर, नवरा मागे ठेवून, डॉक्टर व्हायला सातासमुद्रापलीकडे एकटी गेली. १८८६ साली पदवी घेऊन परत आली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारली. आईने मला ती गोष्ट दोनदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा ती मध्येच म्हणाली, "तिकडे असताना तिच्या घरचं कोणी गेलं असतं, तर तिला कधी कळलं असतं रे?"

मी म्हटलं, "पत्राने, महिन्या-दीड महिन्याने."

आई काही बोलली नाही. मी विमानांच्या इतिहासाकडे वळलो, कारण मला तो बोलायला सोपा वाटला.

तो इतिहास तसा आमच्या डोळ्यांसमोरचाच. १९२९ च्या मार्चअखेरीस लंडन ते कराची अशी विमानाची टपालसेवा सुरू झाली. त्या प्रवासाला आठवडा लागे. कराचीला आलेलं टपाल पुढे मुंबईला न्यायचं काम जे. आर. डी. टाटांनी अंगावर घेतलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी एकटेच एक छोटं, एका इंजिनाचं विमान घेऊन ते कराचीहून निघाले आणि दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल घ्यायचं होतं. ते पेट्रोल विमानापर्यंत कसं आलं असेल? डब्यांत भरून, बैलगाडीतून!

आई इतका वेळ माळ ओढत होती. ती थांबली. "विमानाला बैलगाडी लागली?"

"लागली."

"मग!" आई म्हणाली. त्या एका 'मग'मध्ये तिची दमणी, तिचे बैल आणि तिचा एक मुक्काम यांची सगळी बाजू मांडून झाली होती.

पुढचं मी भराभर सांगितलं. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो आणि जिनिव्हा करत मुंबईहून लंडनला गेलं. आठवड्याचा रस्ता साधारण एका दिवसावर आला. १९६० च्या मे महिन्यात एअर इंडियाचं जेट लंडनवरून पुढे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. आणि २००७ साली मुंबईहून निघून कुठेही न थांबता थेट न्यूयॉर्क, सोळा तासांच्या आसपास. अठ्ठावन्न दिवसांचे सोळा तास व्हायला सव्वाशे वर्षं लागली.

"आणि येताना आणखी कमी," मी म्हटलं. "वर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे असतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीशी. तास-दीड तास सहज वाचतो."

"वाऱ्याचं काय सांगतोस," आई म्हणाली. "घराकडे तोंड झालं की बैलसुद्धा जोरात चालतात."

हे असं काही वर्षं चाललं. आई दर चार-सहा महिन्यांनी तोच प्रश्न विचारायची आणि मी दर वेळी नवं उत्तर द्यायचो. कधी किलोमीटर, कधी तास, कधी घड्याळातला फरक. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "वर्षातून दोनदा घड्याळ फिरवतात? रिकामे दिसतात." माझं समाधान व्हायचं, तिचं व्हायचं नाही. मास्तर लोकांना एक खोड असते. पोराने प्रश्न विचारला की त्याला काय विचारायचंय हे न ऐकता आपल्याला काय येतं ते सांगत सुटायचं.

शेवटी एका संध्याकाळी तिनेच फोड करून दिली. मी नेहमीप्रमाणे गोल काढायला उठलो तशी म्हणाली, "बस खाली. मला एवढंच सांग, मी गेले तर तो पोचेल का?"

गोल कपाटावरच राहिला.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच दिवशी उरकतात. सकाळी गेलं तर दुपारी, दुपारी गेलं तर दिवे लागायच्या आत. ही रीत ज्या काळात पडली त्या काळात सगळी माणसं एक मुक्कामाच्या आतच असायची. जी लांब असायची त्यांना बातमीच उशिरा कळायची. आपल्या धर्मशास्त्रकारांना याची पक्की जाण होती. बातमी दहा दिवस उलटल्यावर कळली तर सुतक किती, याचे त्यांनी वेगळे नियमच करून ठेवलेत. 'अतिक्रांताशौच' असं त्याला भारदस्त नावही आहे. म्हणजे परगावी गेलेल्या माणसाला उशीर होणारच, हे शास्त्राने गृहीत धरून त्याला माफ करून टाकलं होतं.

घोटाळा केला तो तारेने. १८७० साली मुंबईहून समुद्राखालून तारायंत्राची केबल पडली आणि बातमी माणसाच्या पुढे धावू लागली. तोवर बातमी आणि माणूस एकाच बोटीतून येत. आता बातमी काही तासांत पोचू लागली आणि माणूस मागून आठवड्यांनी. आमच्या लहानपणी तारवाला गल्लीत शिरला की तार न वाचताच बायका रडायला लागत. कोणी पास झाल्याची तार असली तरी ती रडारड आवरेपर्यंत वाचता यायची नाही. ती तारही २०१३ च्या जुलैत सरकारने बंद केली, कारण तोवर खिशाखिशात फोन आले होते. विमानांनी माणसाचे अठ्ठावन्न दिवस सोळा तासांवर आणले हे खरं. पण बातमीचा महिना-दीड महिना एका क्षणावर आला. आनंदीबाईंच्या वेळी कळणं आणि पोचणं यांत पुष्कळ उशीर होता, पण तो दोघांनाही सारखा होता. आता कळतं लगेच, आणि मग पुढचे सगळे तास जागं राहून काढावे लागतात.

यातलं मी आईला काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "पोचेल गं."

"बघ हं," ती म्हणाली.

२०१५ च्या डिसेंबरात ती वेळ आली. आईला न्यूमोनिया झाला. वय शहाऐंशी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन 'ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या' हे वाक्य उच्चारलं. मी फोन केला. चिरंजीवांना कळायला लागले तीन सेकंद. पोचायला लागले छत्तीस तास. भूगोलाचा मास्तर असल्यामुळे मी तो हिशेब नंतर बसून मांडलाय. घर ते विमानतळ एक तास. विमानतळावर तपासण्या आणि ताटकळणं तीन तास. विमान साडेचौदा तास. मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला दोन. स्टेशन गाठायला दीड. गाड्यांची वाट बघण्यात दोन्हीकडचे मिळून पाच. रेल्वे साडेसहा. आणि शेवटी पीजेचे अडीच. म्हणजे साडेबारा हजार किलोमीटरांना साडेचौदा तास, आणि उरलेल्या साडेचारशे-पाचशे किलोमीटरांना साडेएकवीस. शास्त्रज्ञांनी अंतर कापलं ते मधलं. टोकांचं अजून ज्याचं त्यालाच कापावं लागतं. टाटांच्या विमानाला बैलगाडी लागली त्यात नवल काहीच नव्हतं. प्रत्येक प्रवासाला कुठेतरी एक बैलगाडी असतेच.

त्या छत्तीस तासांत आई बोलत नव्हती. डोळेही मिटलेले. घरात माणसं जमली होती आणि अशा वेळी जमलेली माणसं जे करतात ते, म्हणजे हळू आवाजात चहा पीत, चाललं होतं. दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, पीजेचा भोंगा ऐकू आला. आमचं घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. कोळशाची इंजिनं जाऊन डिझेलची आली तेव्हा शिट्टीचा भोंगा झाला होता, पण आईने तो तिच्या कानात बसवून घेतला होता. आयुष्यभर घरी येणारं प्रत्येक माणूस तिला आधी त्या आवाजाने कळलेलं. आईने डोळे उघडले आणि सुनेला म्हणाली, "भरीत टाक गं. आला तो."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, वातात बोलतेय. कारण तो जळगावला उतरून गाडी करून येईल असं आम्ही धरून चाललो होतो. दहा मिनिटांनी चिरंजीव खांद्यावर पिशवी टाकून दारात उभे.

अण्णा ओरडलेच, "अरे भो, जळगावला उतरला असता तर केव्हाचा आला असता!"

चिरंजीव गोंधळून बघत राहिले. संगणकाचे कसले कसले गुंते सोडवून पोट भरणारा तो माणूस. म्हणाला, "माझ्या डोक्यातच आलं नाही काका. घरी जायचं म्हणजे पाचोऱ्याला उतरायचं."

आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवलास का?" साडेबारा हजार किलोमीटर ओलांडून आलेल्या माणसाला विचारायला याहून योग्य प्रश्न माझ्या पाहण्यात नाही.

आई त्या दुखण्यातून उठली. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही श्रेय औषधांना दिलं. नातू परत जायला निघाला त्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना समोर बसवून बजावलं, "आता आला, दिसला, झालं. पुढच्या वेळी त्याला धावडवू नका आणि मला बर्फावर ठेवू नका. दिवस मावळायच्या आत उरका." अशा गोष्टी ती किराणा मालाची यादी सांगावी तशा सांगायची.

त्यानंतर २०१७ च्या डिसेंबरात जळगावहून मुंबईला विमान सुरू झालं. आमच्या जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना २०१२ साली तिथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं होतं. ते विमान पुढे बंद पडलं, मग पुन्हा सुरू झालं. "चांगलंय," आई म्हणाली, "पण ते जामनेरला थांबतं का?"

आणि मग २०२० चा मार्च उजाडला. परदेशी विमानं बंद. रेल्वेच्या सगळ्या प्रवासी गाड्या बंद. पीजेही त्याच महिन्यात थांबली. मधलं अंतर बंद आणि टोकंही बंद. जन्मभर मी अंतरं मोजायला शिकवलं, पण त्या दिवसांत न्यू जर्सी ते जामनेर हे अंतर कोणत्या मापाने मोजायचं, ते मला सांगता आलं नसतं. आनंदीबाईंना अठ्ठावन्न दिवस लागले. पण त्यांना पोचता तरी येत होतं.

आई एप्रिलमध्ये गेली. कसलाही रोग नव्हता. दुपारी पडली ती उठली नाही. वय एक्याण्णव. सरकारने अंत्ययात्रेला वीस माणसांची परवानगी दिलेली. अण्णांनी दारात उभं राहून वीस मोजली आणि स्वतः एकविसावे म्हणून मागे थांबले. तिकडे पहाट होती. चिरंजीव फोनच्या त्या हातभर उजेडात जागे बसून सगळं बघत होते. मधेच फोन धरणाऱ्याचा हात थरथरला आणि त्यांना बराच वेळ नुसतं आभाळच दिसलं. कोणाला ते सुधारायचं सुचलं नाही. दिवस मावळायच्या आत उरकलं. तिने सांगितलं होतं तसं.

२०२२ साली चिरंजीव आले. जळगावला उतरून गाडी करून आले. दुसरा इलाजच नव्हता, पीजे सुरू झालीच नव्हती. संध्याकाळी आम्ही तिघं, ते, मी आणि अण्णा, स्टेशनवर गेलो. रुळांमध्ये गवत माजलेलं, त्यात दोन शेळ्या शांतपणे चरत होत्या. आम्ही बाकावर बसलो. चिरंजीवांनी बराच वेळ काही न बोलता पाचोऱ्याच्या दिशेने पाहिलं आणि मग म्हणाले, "बाबा, आजीला तुम्ही शेवटी काय सांगितलं होतं? अमेरिका किती मुक्काम?"

मी म्हटलं, "एक."

"बरोबरच सांगितलंत," ते म्हणाले. आम्हा दोघांनाही ते चूक आहे हे ठाऊक होतं.

ही कोंडी अण्णांनी फोडली. या मार्गाचं रुंदीकरण करून तो पुढे बोदवडपर्यंत न्यायचं मंजूर झालंय, ही बातमी त्यांनी दिली. दिली ती अशा सुरात, की घरातलं जुनं माणूस बदलीवर निघालंय.

"मोठे रूळ, मोठी गाडी," अण्णा म्हणाले. "पाचोऱ्याला तासाभराच्या आत पोचवतील म्हणतात."

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"काय चांगलं भो?" अण्णा उखडले. "अडीच तासांत माणूस सुखदुःखाचं सगळं बोलून घेत होता. तासाभरात काय होतं? सून कशी आहे एवढं विचारून होत नाही, तोवर पाचोरा!"